गुडघा

दहा अँप्युल. एकेकीची मान मोडायची,
दोन-दोन मिली ओढून घ्यायचं,
पाच एका सिरिंजमध्ये, पाच दुसरीत.
सातवीला माझं बोट कापलं,
ते कळलं सकाळी, सिव्हिलच्या बेसिनपाशी.

उपकेंद्रात लाइट नव्हती.
मोबाइलचा उजेड तिच्या सासूच्या हातात,
दुसऱ्या हातात फोडलेला कांदा,
सुनेच्या नाकाला लावून लावून सुकलेला.
"बाहेरचं हाय बाई. तिठ्यावर उतारा टाकू द्या."
"आतलंच आहे, मावशी.
उतारा माझ्या खिशात आहे. उजेड जरा खाली धरा."
खिशात कॅल्शियम ग्लुकोनेट होतं,
मी देत होते त्याच औषधावरचा उतारा,
जास्त झालं तर.

हेमलता भोये. वीस वर्षं. पहिलटकरीण.
आठवा सरत आलेला.
कार्डावर दोन नोंदी, पुढचे रकाने कोरे.
ऑक्टोबर छाटणीला ती दिंडोरीकडे गेली
ती परवाच आली.
पाय सुजले, ते उभं राहून.
डोकं ठणकलं, ते उन्हाने.
डोळ्यांपुढे काजवे,
त्याला कुणी कारणसुद्धा दिलं नाही.
प्रेशर एकशे सत्तर, खालचं एकशे सोळा.
लघवी नळीत उकळली तर नासक्या दुधासारखी.

दोन्ही कुल्ल्यांत, खोल, सुई मुळापर्यंत.
मग कुशीवर वळवली
आणि एकशे आठच्या गाडीत चढलो.

करंजाळी गेल्यावर तिचा नवरा, हिरामण,
रिकामी अँप्युल दिव्याशी धरून अक्षरं जुळवत बसला.
"मॅग्नेशियम… सल्फेट.
बाई, हे तर आम्ही बागेत टाकतो.
पंचवीस किलोची गोण येते.
द्राक्षाचं पान शिरांमधनं पिवळं पडलं का
मालक म्हणतो, मॅग्नेशियम सोडा."
मग बराच वेळ नुसतं इंजिन.
"माझ्या बायकोला तुम्ही खत दिलं?"

एकोणीस वर्षांच्या नोकरीत हे कुणी विचारलं नव्हतं.
"हो," म्हटलं. "तेच मीठ.
पण शुद्ध केलेलं, निर्जंतुक, मोजून भरलेलं.
कमी पडलं तर झटका परत येतो,
जास्त झालं तर श्वास बसतो.
म्हणून मी मोजत बसलेय."
झटका ते नेमकं कसं थांबवतं
हे ट्रेनिंगला मॅडमनी दोनदा सांगितलं होतं,
दोन्ही वेळा वेगळं.
ते मी त्याला सांगितलं नाही.

मिनिटाला श्वास अठरा. पिशवीत लघवी, थोडी, पण आहे.
राहिला गुडघा.
हातोडी नव्हती, तळहाताची कड होती.
पण सावळघाटात प्रत्येक वळणाला पाय आपोआप हलायचा,
तो तिचा की रस्त्याचा?
"गाडी थांबव."
"घाटात?"
"घाटात."
गाडी थांबली. खाली दरीत कुठेतरी एक कुत्रं.
मारलं. काही नाही.
जागा बदलून परत मारलं.
काही नाही.
माझा एक हात खिशात.
तिसऱ्यांदा, वाटीच्या जरा खाली,
आणि तिचा पाय उडाला,
माशी हाकलावी तसा, झोपेतच, वैतागून.
"चल," मी ड्रायव्हरला म्हटलं.
हिरामण त्या पायाकडे बघतच राहिला.
"पाय उडाला, म्हणजे औषध अजून डोक्यावरून गेलं नाही,"
एवढंच त्याला सांगितलं.

पेठ नाक्याचे दिवे. सिव्हिल. स्ट्रेचर.
आत दुसऱ्या सिस्टर, दुसरी घड्याळं,
चार-चार तासांनी डावा, उजवा,
बाळ झाल्यावरही आणखी एक दिवस.
मुलगी झाली. एक किलो सहाशे.
काचेच्या पेटीत मुठी आवळून.
हेमलता शुद्धीवर आली तेव्हा म्हणे
पहिलं विचारलं, चूल विझवली का.

सात वाजता मी पेठच्या गाडीला निघाले.
व्हरांड्यातल्या बाकावर हिरामण,
पाय लोंबते सोडून,
तळहाताच्या कडेने
स्वतःच्याच गुडघ्यावर मारत होता.
पुन्हा. पुन्हा.
उडेना.
घाबऱ्या डोळ्यांनी त्याने माझ्याकडे पाहिलं.
"सैल सोड रे," मी म्हटलं,
"पाय जरा सैल सोड."